रुक्माक्कांची चिठ्ठी

रुक्माक्कांच्या दुकानात एकच स्टूल होतं आणि ते मालकासाठी होतं. दुकानाच्या मालकासाठी नव्हे. जो कोणी मिक्सर, ग्राइंडर, इस्त्री घेऊन येईल, त्या वस्तूच्या मालकासाठी. रुक्माक्का स्वतः खाली चटईवर मांडी घालून बसायच्या आणि ती वस्तू दोघांच्या मध्ये असायची. स्टुलावर माणूस बसेपर्यंत स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कोणासाठी मोडलेला मी पाहिला नाही.

एकदा माझ्यादेखत एक तरुण घाईघाईनं आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात इअरफोन. "अक्का, मिक्सर ठेवून जातो. संध्याकाळी नेतो."

"डॉक्टरकडं नुसतं पोट पाठवतोस काय रे, बाकीचा घरी ठेवून? कूत्को," रुक्माक्का म्हणाल्या आणि बोटानं स्टूल दाखवलं.

"मीटिंग आहे अक्का."

"मग मीटिंग कर जा. मिक्सर घेऊन जा संगती."

तो बसला. रुक्माक्कांनी मिक्सर उलटा केला, खालचा रबराचा कपलर काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. दाते पार झिजले होते. "तीन वर्षं तुझी चटणी वाटली यानं. एकदा तोंड तरी बघ त्याचं." तो खरंच बघत राहिला. पुढच्या आठवड्यात आईचा ग्राइंडर घेऊन आला तेव्हा न सांगता स्टुलावर जाऊन बसला, आणि इअरफोन आधीच काढून खिशात ठेवले होते.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. रुक्माक्कांच्या गुडघ्यांनी जवाब दिल्यावर मुलगी त्यांना दावणगेऱ्याला घेऊन गेली. पण त्या गेल्या तेव्हा हरून गेल्या नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवते. कारण कंपन्यांपुढं छोट्या माणसाचं काही चालत नाही, असं आजकाल जो तो शहाणपणानं सांगतो. मला तो शहाणपणा मान्य नाही, आणि त्याला कारण रुक्माक्का आहेत.

त्यांचं घराणं शिंप्यांचं. घरी मराठी, दारात कानडी, देवघरात विठ्ठल-रखुमाई. वडील बँडवाल्यांचे कोट शिवायचे. दसऱ्याला बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींची कवायत असते, तिथं वाजवणाऱ्या कित्येकांच्या अंगावर त्यांच्या हातचे कोट असायचे. कोट शिवताना ते शिवणीच्या आत चार बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडत. कापड वाया जातं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं, की ते म्हणत, "तू असाच राहणार काय? आणि कोट माझ्यापाशीच परत येईल असंबी नाही. ज्याच्याकडं जाईल त्याला उसवून सैल करता आला पाहिजे." हे रुक्माक्का मला इतक्यांदा सांगत, की ते वडील मी पाहिलेलेच आहेत असं मला वाटतं.

मुलीच्या जातीनं मशीन चालवावं, उघडू नये, अशी घरची रीत होती. रुक्माक्कांनी दहाव्या वर्षी वडिलांचं शिवणयंत्र उघडलं. पुढं मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मोटारीला तांब्याची तार गुंडाळायच्या कामावर लागल्या. तिथं रांगेत सगळ्या बायकाच. माझे वडीलही त्याच कारखान्यात, युनियनमध्ये. आमच्या घरात खाटेखाली, कपाटावर, तांदळाच्या डब्यामागं पत्रकांचे गठ्ठे असायचे. बेळगावहून वडिलांचे मित्र मराठी पत्रकं पाठवत. म्हैसूरच्या शाळेत मराठी कुठलं? मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'मित्रांनो' हा शब्द मला 'आई'च्या आधी लिहिता आला असेल. कारखान्यातला मोटारींचा विभाग बंद पडला तेव्हा वडील घरी बसून पत्रकं लिहू लागले आणि रुक्माक्कांनी दुकान काढलं. दोघांपैकी कोणी जास्त काम केलं, हा प्रश्न मी वडिलांना कधी विचारला नाही.

दुरुस्ती झाली की रुक्माक्का एक काम करत, जे मी दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकला करताना पाहिलेलं नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीची एक पट्टी कापायच्या. त्यावर तारीख, काय बिघडलं होतं, काय बदललं, कशाला हात लावला नाही, कुठला स्क्रू नाजूक झालाय, हे सगळं बारीक अक्षरात लिहायच्या. खाली नाव. मग ती पट्टी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळून यंत्राच्या आत, फिरत्या आणि तापत्या भागांपासून दूर, दोऱ्यानं बांधायच्या. पुन्हा उघडलं की त्याच पट्टीवर पुढची ओळ. पट्टीच्या शेवटी काही जागा नेहमी कोरी. चिठ्ठी कानडीत असे. मी एकदा विचारलं, मराठीत का नाही? "पुढचा मेकॅनिक मराठी वाचणारा कुठनं आणू गं? चिठ्ठी त्याला हाय. मला ठाऊकच हाय की मी काय केलं ते."

हट्टी बाई. एका नव्या ग्राइंडरला तळाशी असे स्क्रू होते, की बाजारातला एकही स्क्रूड्रायव्हर त्यात बसेना. तीन पाकळ्यांची खाच, मध्ये उंचवटा. बाहेरच्यानं उघडू नये म्हणून मुद्दाम केलेली. रुक्माक्कांनी मेणाचा तुकडा खाचेत दाबून ठसा घेतला, सायकलची जुनी तार घेतली आणि दोन दिवस कानशीनं घासत बसल्या. मी म्हटलं, "अक्का, एका ग्राइंडरसाठी एवढं?"

"कुलूप चोरासाठी असतंय. मी चोर हाय काय? आणि ज्यानं हा घेतला, त्याच्याच घरात तो चोर?"

तिसऱ्या दिवशी स्क्रू फिरला. ती तार त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली, आणि गल्लीतल्या दुसऱ्या दोन मेकॅनिकांना बोलावून मेणाचा ठसाही देऊन टाकला.

मी त्याच सुमारास दुरुस्तीच्या हक्कावर पत्रक लिहीत होते. युरोपात यासाठी कायदे झालेत. आपल्याकडे समिती झाली, पोर्टल झालं, चर्चा चालू आहे. कंपन्यांना बांधून टाकणारा कायदा मात्र अजून व्हायचा आहे. मी लिहिलं होतं, की जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही ती आपण विकत घेतलेलीच नसते, आपण ती कंपनीसाठी घरात सांभाळत असतो. अजूनही माझं तेच मत आहे. रुक्माक्कांना सगळं पत्रक वाचून दाखवलं. त्या हातातली मोटार पुसत ऐकत होत्या.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पण यात भांडवल पाच वेळा आलं. बेअरिंग एकदाबी नाही."

मी चिडले. घरी जाऊन मोजलं. भांडवल सहा वेळा होतं.

बेअरिंग आलं ते कमलम्मा टीचरांच्या वॉशिंग मशीनमुळं. कमलम्मा म्हणजे कानडी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. एकट्या राहत, मनगटं संधिवातानं धरलेली. त्यांच्या मशीनमधून पिळताना दगड दळल्यासारखा आवाज येऊ लागला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, बेअरिंग वेगळं मिळत नाही, आतला अख्खा भाग बदला, आणि बेअरिंग झिजणं वॉरंटीत बसत नाही. रुक्माक्का त्यांच्या घरी गेल्या, मागच्या मोरीत कमलम्मांना खुर्चीवर बसवलं आणि मशीन उघडलं. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून तसंच नवं बाजारातून आणलं. आवाज गेला. चिठ्ठी बांधली.

आठ महिन्यांनी मशीनचे दिवेच लागेनात. आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला होता. बोर्डाला पाच वर्षांची वॉरंटी होती, म्हणून कमलम्मांनी कंपनीला कळवलं. कंपनीचा तरुण तंत्रज्ञ आला, महादेव नावाचा. त्यानं मागचं झाकण काढलं, चिठ्ठी सापडली, त्यानं तिचा फोटो काढला. आणि कंपनीचं पत्र आलं: अनधिकृत व्यक्तीनं यंत्र उघडल्यामुळं बोर्ड निकामी झाला आहे, सबब वॉरंटी रद्द.

म्हणजे रुक्माक्कांनी स्वतःच्या हातानं, तारखेसकट, नाव घालून, कंपनीला पुरावा बांधून दिला होता. दुसरा कुठलाही मेकॅनिक झाकण लावून गप्प राहिला असता.

कमलम्मांनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. त्यांच्या शेजारणीचा भाचा वकील होता, त्यानं प्रकरण घेतलं. तो दुकानात आला आणि स्टुलावर बसून हळू आवाजात म्हणाला, "अक्का, चिठ्ठीवर सही नाही. नुसतं नाव आहे. ते कुणीही लिहील. तुमची नाही म्हणा, कंपनीचा आधारच जाईल."

"मग बेअरिंग कोणी बदललं म्हणून सांगू? देवानं?"

"ते त्यांनी सिद्ध करावं."

"अय्यो, काय बोलता सर. चिठ्ठी खोटी म्हटली तर तिच्यात लिहिलेलं बी खोटं झालं की. बोर्डाला हात लावला नाही, हेबी तिच्यातच लिहिलंय."

वकिलानं कंपनीचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. मग म्हणाला, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं." पण त्याची खात्री पटली होती असं मला वाटलं नाही.

कंपनीच्या पत्राची बातमी तोवर पसरली होती. जवळच्या दोन अपार्टमेंटांनी वॉचमनला सांगून ठेवलं, की बाहेरच्या मेकॅनिकांना वर सोडू नका. रुक्माक्का एकदा हत्यारांची पिशवी घेऊन तशाच फाटकावरून परत आल्या. स्टूल अर्धा अर्धा दिवस रिकामं राहू लागलं. त्याच दिवसांत सर्व्हिस सेंटरचे एक साहेब दुकानात आले. बोलायला गोड. म्हणाले, तुमच्यासारख्या अनुभवी बाईंना आम्ही अधिकृत करू, नावाची पाटी लावू, ट्रेनिंग देऊ, काम आमच्या सेंटरमध्ये. फक्त सुटे भाग आमचेच, बिघडलेला भाग दुरुस्त न करता बदलायचा, आणि आत चिठ्ठ्याबिठ्ठ्या नकोत. मी तिथंच होते. त्या दिवसांत ही छोटी गोष्ट नव्हती.

रुक्माक्कांनी त्यांना कॉफी दिली. सगळं ऐकून एकच विचारलं, "मालक कुठं बसणार?"

"कस्टमर? बाहेर एसी हॉल आहे ना. आत फक्त स्टाफ."

"मग बेडा. नको मला," रुक्माक्का म्हणाल्या. "कॉफी पिऊन जा. गरम हाय."

साहेब गेल्यावर मी भडकून खूप बोलले. त्यांनी मला थांबवलं. "ओरडू नको. 'अनधिकृत व्यक्ती' लिहिलंय नव्हं त्या कागदात? मला नाव हाय. तेवढं कागदावर आलं पाहिजे. बाकी तू लिही तुझ्या पत्रकात."

त्यांना हवं होतं ते एवढंच, आणि जे जायची भीती होती तेही एवढंच. मंडी मोहल्ल्यात जाहिरातीवर कोणाचं दुकान चालत नाही. तिथं नाव गेलं की स्टुलावर कोणी बसत नाही.

मग कंपनीनं कमलम्मांना गाठलं. नवं मशीन सवलतीत देतो, तक्रार मागं घ्या, आणि बिघाड बाहेरच्या व्यक्तीच्या हातून झाला असं या पत्रावर सही करून द्या. कमलम्मा तेव्हा साडी हातानं पिळू शकत नव्हत्या. दर शुक्रवारी रुक्माक्काच त्यांच्या चादरी पिशवीत घालून आपल्या घरी धुवायला नेत. पत्र आलं त्या शुक्रवारी मी बरोबर होते.

रुक्माक्कांनी पत्र वाचलं, घडी घातली. "टीचर, तुमचा हात मला ठाऊक हाय. तुम्हाला मशीन पाहिजे. सही केली तर मी येणं बंद करणार नाही. पण मला कुणी विचारलं, तर मी काय केलं ते मी सांगणारच."

कमलम्मा कानडीत म्हणाल्या, "रुक्मा, तू आधी चादरी घे." मग टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं. दुखऱ्या मनगटानं सावकाश त्या पत्रातल्या 'बिघाड केला' या शब्दांभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, 'आधार?' खाली आणखी दोन चुका दुरुस्त केल्या. सही न करता पत्र पाकिटात घालून माझ्याकडं दिलं. "पोस्टात टाक. तपासून परत पाठवलंय म्हणावं."

आयोगानं तपासणीसाठी तज्ज्ञ नेमला, पॉलिटेक्निकमधले एक प्राध्यापक. सकाळी अकरा वाजता कमलम्मांच्या मागच्या मोरीत सगळे जमले: प्राध्यापक, कंपनीचे वकील, तंत्रज्ञ महादेव, आपला वकील, आणि मी टॉर्च धरायला. रुक्माक्का आत आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, खुर्ची उचलून आणली आणि मशीनसमोर ठेवली. "टीचर, बसा."

"त्या बसल्या नाहीत तरी चालेल," कंपनीचे वकील म्हणाले.

"मला चालत नाही," रुक्माक्का म्हणाल्या.

प्राध्यापक हसले आणि कमलम्मा बसेपर्यंत थांबले. मग स्क्रूड्रायव्हर लावताना रुक्माक्का म्हणाल्या, "सर, डावीकडचा खालचा. आटे झिजलेत. जोर लावू नका."

झाकण निघालं. चिठ्ठी होती तिथंच होती. प्राध्यापकांनी ती मोठ्यानं वाचली. तारीख. पिळताना आवाज. बेअरिंग नवं, नंबर अमुक. बोर्डाला हात लावला नाही, सील शाबूत. डावा खालचा स्क्रू नाजूक, हलक्या हातानं. रुक्माबाई, मंडी मोहल्ला.

त्यांनी टॉर्च जवळ घ्यायला सांगितली. बोर्डावरचं कंपनीचं सील पाहिलं, नखानं चाचपलं, महादेवला दाखवलं. सील अखंड होतं. सगळ्यांसमोर ते फोडल्यावर आत एक भाग जळालेला दिसला. ना पाण्याचा डाग, ना बेअरिंगशी कुठला संबंध.

"बाईंनी उघडताना धक्का लागला असू शकतो," कंपनीचे वकील म्हणाले. "जिथं स्क्रूसुद्धा खराब केलाय..."

प्राध्यापकांनी महादेवकडं पाहिलं. "शेवटचं झाकण तुम्ही लावलं ना? हा स्क्रू कसा बसवलात?"

महादेवनं आधी आपल्या वकिलांकडं पाहिलं, मग स्क्रूकडं. त्याचे कान लाल झाले होते. "हलक्या हातानं सर."

"का?"

"चिठ्ठीत लिहिलं होतं."

नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ते कमलम्मांनी उठून बंद केलं.

निकाल पुढं यथावकाश लागला. बोर्डातला दोष उघडण्यामुळं आला हे कंपनीला दाखवता आलं नाही, सबब कंपनीनं बोर्ड विनामूल्य बदलून द्यावा. दुरुस्तीच्या लढाईतला हा एक बोर्ड. यानं कायदा होत नाही, हे मला कळतं. एकेका मोरीतून एकेक बोर्ड बदलून घेत बसणं हे काही उत्तर नव्हे, म्हणून मी पत्रकं लिहायची थांबवलेली नाहीत. आता त्यांत बेअरिंग असतं. प्राध्यापकांच्या अहवालाची एक प्रत वकिलानं रुक्माक्कांना दिली होती. तिच्यात 'अनधिकृत व्यक्ती' कुठंही नव्हती. 'दुरुस्तीकार श्रीमती रुक्माबाई' होतं, चार ठिकाणी. तो कागद फ्रेम करू या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "भिंतीवर लावून काय, सुम्मने, उगंच! त्या वॉचमनला नेऊन दाखव." मी दोन्ही फाटकांवर नेऊन दाखवला. पुढच्या महिन्यात त्यांची पिशवी पुन्हा लिफ्टनं वर जाऊ लागली, गुडघ्यांनी ऐकलं तोवर.

पण मला त्या आठवतात त्या तपासणीच्या सकाळी. काम संपलं होतं. कंपनीचे वकील चपला घालत होते, प्राध्यापक झाकण बसवायला वाकले होते.

"सर, ओंदु निमिष," म्हणत रुक्माक्कांनी त्यांना थांबवलं. गुडघ्यावर हात दाबून त्या ओल्या फरशीवर बसल्या. दुधाच्या पिशवीतून चिठ्ठी काढली आणि जुन्या ओळींखाली लिहू लागल्या. आज उघडलं, सगळ्यांना दाखवायला. सील सरांनी फोडलं. बोर्ड जळालाय, नवा घालायचा. मग चिठ्ठी प्राध्यापकांपुढं धरली. त्यांनी गंमत वाटल्यासारखं करत, पण नीट, सही केली. चिठ्ठी महादेवकडं गेली. वकिलांनी त्याला नावानं हाक मारली, तरी त्यानं सहीच्या पुढं आपलं नाव पूर्ण लिहिलं.

रुक्माक्कांनी चिठ्ठी परत घेतली आणि उजेडाकडं धरली. ओळी दाट झाल्या होत्या. खालच्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोटं आडवी ठेवून पाहिली. एक, दोन, तीन, चार.

"बसं," त्या म्हणाल्या. "पुढच्याला पुरंल."

आणि चिठ्ठी गुंडाळून आत बांधायला लागल्या.